गुरुजींबद्दल दोन शब्द

दादा, गेल्या आठवड्यात मी तुमच्या नावाचं काय करून आले ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. दुसरं कुणी सांगणार नाही. मेलेल्या माणसाला लोक फक्त चांगलंच सांगतात, फोटोला हार घालतात, मेणबत्ती लावतात. त्यातून आपल्या मानवतमध्ये तुमच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधायचं म्हटलं तर पार पाथरीपर्यंत जावं लागेल, आणि तिथंही मिळायचं नाही. तेव्हा ते काम मीच केलं. घरचंच काम होतं, घरच्याच माणसानं, लेकीनं केलेलं बरं.

मी सध्या एक पुस्तक वाचते आहे. म्हणजे पुण्यात एका बंद खोलीत बसून, माईकसमोर, मोठ्यानं वाचते आहे. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. आता माणसं भाजी निवडताना, गाडी चालवताना कानात पुस्तक ऐकतात, आणि नाटकं-मालिका करून माझा आवाज लोकांच्या ओळखीचा झालेला, म्हणून प्रकाशनवाल्यांनी मला बोलावलं. त्या खोलीत पंखा नसतो, कारण तो घुमतो. बांगड्या काढून बसायचं. खळ घातलेली साडी चालत नाही, कारण ती बोलते. उपाशी बसलं तर पोटातली गुरगुर माईक पकडतो आणि पोटभर जेवून बसलं तर आवाज जड होतो, म्हणून आंबट हिरव्या सफरचंदाच्या फोडी खात बसायचं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी बसते, ती माझं वाचन ऐकून चुका काढते. माझ्या निम्म्या वयाची आहे, पण कानाची तिखट. मधूनच म्हणते, 'ताई, सत्ता या शब्दावर एवढे दात नका खाऊ.' तिला काय सांगू, हे दात कुणावर आहेत.

कारण पुस्तक आहे आजच्या स्त्रीवादावर. नाक मुरडू नका, आता मुरडून उपयोग नाही. लिहिणारी बाई शहरातली, पुष्कळ शिकलेली, पण टवाळ आहे, त्यामुळे माझं तिच्याशी जमतं. फक्त तिच्या लिहिण्यात 'अवकाश' हा शब्द फार येतो. बाईला स्वतःचा अवकाश हवा, वगैरे. तो शब्द आला की मला आपल्या घरची न्हाणी दिसते. पत्र्याचं दार, कोपऱ्यात रांजण, आणि मी अंघोळीच्या नावाखाली आत उभी राहून पुस्तकातले धडे वेगवेगळ्या आवाजांत म्हणते आहे. बाहेरून तुम्ही दारावर थाप मारता. 'कोण हाय गं आत तुझ्यासंगं?' कुणी नव्हतं दादा. सगळी मीच होते. पण तुम्ही दार उघडायला लावलंत, आत डोकावून बघितलंत, आणि रांजणामागेही बघितलंत.

मग काही दिवसांनी एक प्रकरण वाचायला आलं. सभेत समतेवर बोलणारे आणि घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात मागणारे पुरुष, हा त्याचा विषय. लेखिकेनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मानवत कुठल्या जिल्ह्यात येतं तेही तिला ठाऊक नसेल. तरी दर परिच्छेदातून तुम्हीच चालत येत होता, पांढरा सदरा, खिशाला पेन, काखेत छत्री. मला हसू फुटलं. माईकवर हसलं की वाक्य वाया जातं. काचेपलीकडून मुलीनं विचारलं, 'काय झालं ताई?' म्हटलं, 'काही नाही, ओळखीचे एक गृहस्थ भेटले.' लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण तुम्हाला आवडायची नाही. त्यातलं ब्रह्म तुम्हाला खुपायचं. त्यातला पाषाण कधी खुपला नाही.

मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही, तेव्हा विहारातली ती संध्याकाळ मीच सांगते. वर्षावासाचे महिने. पावसाळ्यात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा ही आपल्या वस्तीची रीत, आणि वाचणारे तुम्ही, कारण वस्तीतले पहिले मास्तर तुम्ही. पुरुष येत, पण निम्मे बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसत. ऐकायला खऱ्या बायकाच. दिवसभर खुरपून आलेल्या, घाईघाईनं हातपाय धुऊन पांढरी साडी नेसलेल्या बायका भिंतीला टेकून बसायच्या आणि तुम्ही वाचायला लागलात की डुलक्या घ्यायच्या. घेणारच. तुम्ही हजेरी घेतल्यासारखं वाचत होता. प्रत्येक वाक्य हजर आहे की नाही तेवढं बघायचं आणि पुढं जायचं.

त्या वर्षी तुमचा घसा बसला. तुम्ही म्हणायचा खडूनं, आई म्हणायची भाषणानं. मी नववीत होते. 'आज तू वाच,' तुम्ही खुणेनं सांगितलंत. पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन मी तुमच्या जागी बसले. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन दारोदार मोहरी मागत फिरणाऱ्या आईची गोष्ट त्या दिवशी आली होती. ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातली मोहरी तिला हवी असते. मला वेगळं काही करायचं नव्हतं दादा. पण ती बाई इतक्या दारांत जाते, तर दर दारातली बाई वेगळी असणार की नाही? एक म्हातारी, एक नवी नवरी, एक जराशी तुसडी. माझ्या तोंडून त्या तशा वेगवेगळ्या निघाल्या. टेकलेल्या बायका सरळ बसल्या. एक म्हातारी म्हणाली, 'थांब माय, ते मोहरीचं परत वाच.' मी परत वाचलं. मागं एका बाईला हुंदका फुटला, तिचं लेकरू त्याच उन्हाळ्यात गेलं होतं. ओट्यावरचे पुरुष तंबाखू तशीच तळहातावर घेऊन दारात येऊन उभे. आणि मला काय वाटत होतं सांगू? मला लय बरं वाटत होतं. ती बाई रडत होती आणि माझ्या पोटात गार गार होत होतं, की हे मला येतं. तोवर मला स्वयंपाक धड येत नव्हता, गणित येत नव्हतं, शिवण येत नव्हतं. हे येत होतं.

आणि तुमचा हात येतो. मी वाचते आहे त्याच पानावर तुम्ही पंजा ठेवता आणि ग्रंथ मिटता. दिवसभर न निघालेला तुमचा आवाज आता निघतो आणि अगदी मागच्या बाईपर्यंत जातो. 'हे विहार हाय. तमाशाचा फड न्हाई. नाचीवानी काय करायलीस?' मी तुमच्याकडे बघते. मग आईकडे बघते. आई भिंतीला टेकून बसली आहे आणि स्वतःच्या पायाचा अंगठा बघते आहे. रडणारी बाई रडायची थांबते. वाचन संपलं की सगळ्यांनी मिळून तीनदा साधु म्हणायचं असतं, पण वाचन धड संपलेलंच नाही, म्हणून कुणीच काही म्हणत नाही. बायका एकेक करून चपला शोधायला लागतात.

आता मी पुष्कळ वाचलं आहे. मागच्या पिढ्यांतली आपली माणसं पोटासाठी फडावर नाचली, लोकांनी त्यांच्यावर काय काय फेकलं, आणि ते सगळं मागं टाकून पांढरा सदरा अंगावर यावा म्हणून तुमची पिढी कशी झिजली, हे मला आता कळतं. फड या शब्दानं तुमच्या अंगावर काटा का यायचा, तेही कळतं. कळलं म्हणून काय झालं? तुमची भीती तुम्ही उचललीत आणि माझ्या अंगावर फेकलीत, तीही सगळ्या वस्तीसमोर. इतिहास समजला म्हणून थोबाडीत खाल्लेला गाल गार होत नाही. पुस्तक लिहिणारी बाई या ठिकाणी फार समजूतदारपणे लिहिते. मी तिचं वाक्य तिच्या समजूतदारपणानं वाचते, त्याचेच मला पैसे मिळतात. हे पत्र माझं आहे, इथं मी समजूतदार नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा वाचायला बसलात, बसलेल्या घशानं, घोगरत, खाकरत. मला सतरंज्या अंथरायचं काम दिलंत. ती म्हातारी म्हणाली, 'पोरगी कुठं हाय? तिला वाचू द्या की, गुरुजी.' तुम्ही म्हणालात, 'अभ्यास हाय तिला.' मी दारापाशी सतरंजीची घडी मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं सगळ्या बायका झोपल्या. मला इतका आनंद झाला होता, की अजून आठवला तरी होतो.

राग जास्त कशाचा येतो सांगू? तुम्ही नुसते बोलघेवडे नव्हता. तसं असतं तर मी तुम्हाला केव्हाच विसरले असते. तुम्ही वालूरच्या शाळेत होता तेव्हा उन्हातान्हात वाडी-वस्तीवर फिरून लोकांच्या लेकींना शाळेत आणत होता. बापांशी भांडत होता. 'पोरगी शिकली तर घर शिकतं' हे वाक्य तुम्ही इतक्या अंगणांत उभं राहून म्हटलंत, की त्या पोरी अजून ते तुमच्या आवाजात म्हणून दाखवतात. दुसऱ्याच्या लेकीसाठी तुमच्या पायांत वहाणा राहत नव्हत्या. फक्त आपल्या घराचं अंगण तुमच्या वाटेत कधी लागलं नाही.

बारावीला मला बरे गुण पडले तेव्हा तुम्ही परभणीहून घड्याळ आणलंत, बारीक सोनेरी पट्ट्याचं. 'मास्तरणीच्या हातात घड्याळ पाहिजे,' म्हणालात. माझं डी.एड. तुम्ही मनात करूनसुद्धा टाकलं होतं. मी औरंगाबादला नाटक शिकायला जाते म्हटलं, तर तुम्ही जेवता जेवता उठलात आणि हात न धुता बाहेर निघून गेलात. निघायच्या दिवशी आई दारात उभी राहून म्हणाली, 'जायचं तर जा. मला इचारू नको.' मी विचारलं नाही, गेले. त्यानंतर तुम्ही वस्तीत सांगत राहिलात, की पोरगी डी.एड. करायलीय. मला हे कसं कळलं? शाळेतल्या मैत्रिणीची आई मला स्टँडवर भेटली आणि काळजीनं म्हणाली, 'लय लांबलं गं तुझं डी.एड.!' घड्याळ मात्र मी वापरलं. एका नाटकात मी मोलकरीण होते, मालकिणीचं चोरलेलं घड्याळ म्हणून ते हातात घालायचे. शोभून दिसायचं.

मग मालिका आली. रोज संध्याकाळी मी वस्तीत घरोघरी दिसायला लागले, तेव्हा डी.एड. एकदाचं संपलं. त्या वर्षी जयंतीच्या सभेला मला पाहुणी म्हणून बोलावलं. मंडप, हार, निळे झेंडे, समोर सगळं गाव, आणि तुम्ही माईक धरून उभे. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. तुम्ही म्हणालात, 'लोक नावं ठेवायले होते. भाऊबंद म्हणायले, पोरगी हातची जाईल. पण मी पोटाला चिमटा घेतला अन् लेकीला म्हणलं, जा! रंगभूमी गाजव!' आणि त्या 'जा'वर तुम्ही हात असा लांब फेकलात, की दादा, खोटं कशाला बोलू, घराण्यात नट मी एकटी नव्हते. टाळ्या थांबेनात. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मी हसरा चेहरा करून बसले, कारण समोर लोक फोटो काढत होते आणि हसरा चेहरा करणं हाच माझा धंदा. मनात म्हटलं, घरी गेल्यावर बघते. घरी पाहुण्यांची रीघ होती. मला दुसऱ्या दिवशी चित्रीकरण होतं, मी निघून आले. पुढच्या जयंतीपर्यंत तुम्ही राहिलाच नाहीत. माझ्याशी भांडायच्या आत सटकलात. तुमचं ते भाषण पेपरात छापून आलं होतं, ते तेवढं मागं राहिलं.

तेच भाषण त्या काचेपलीकडच्या मुलीला सापडलं. प्रकाशनवाल्यांना पुस्तकाच्या आधी माझं छोटं मनोगत हवं होतं, मी हे पुस्तक का वाचते आहे म्हणून. मुलगी म्हणाली, 'ताई, वडिलांचंच सांगा ना. किती गोड आहे. त्या काळात, त्या भागात, मुलीला म्हणाले जा!' आणि त्याच दिवसांत मानवतहून तुमच्या विद्यार्थिनीचा फोन आला. शेळ्यांमागून उचलून तुम्ही जिला शाळेत बसवलंत, ती. आता स्वतः पाथरीला शाळेत बाई आहे. विहाराच्या बाजूच्या खोलीत तुमच्या नावाचं वाचनालय सुरू होतंय, मी यायलाच पाहिजे, असं ती म्हणाली. 'अन् ताई, तुमचं ते आवाजातलं पुस्तक, त्याची सुरुवात आमी स्पीकरवर लावणार हाव. तुमाला तिथं बोलायचा तरास नको. फक्त सुरुवातीला गुरुजींबद्दल दोन शब्द टाका. गुरुजी नसते तर मी आज बोरीबाभळीत असते.'

दोन शब्द. दोन्हीकडून तेच मागत होते. एक खोटं मी तोंडानं म्हटलं की कायमचं खरं होणार होतं. तुम्ही मला घडवलंत, हे माझ्याच आवाजात, नीट ध्वनिमुद्रित होऊन, घरोघरी कानात वाजणार होतं. आणि नाही म्हटलं, तर त्या शेळ्यांमागच्या पोरीचे गुरुजी मी मोडणार होते. मी आईला फोन लावला. म्हटलं, 'आई, मी खरं सांगणार आहे. विहारातलं. फडाचं.' पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईनं गॅस बंद केला. मग म्हणाली, 'मेल्या माणसाचं वंगाळ बोलू न्हाई. अन् त्यांनी तुला काय कमी केलं?' मी म्हटलं, 'बरं.' फोन ठेवला आणि स्टुडिओत गेले.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पेटले होते. आवाज फुटला, शब्द एकमेकांवर चढले, मलाच ऐकवेना. काचेपलीकडची मुलगी आता गोड-बिड काही म्हणत नव्हती. खाली मान घालून म्हणाली, 'ताई, चिडलेल्या बाईवर लोक विश्वास ठेवत नाहीत. शांत सांगा. शांत जास्त लागतं.' खरं होतं. मालिकेत खाष्ट सासू करताना हे मीच नव्या मुलींना शिकवते. मग मी पाणी प्यायले, सफरचंदाची फोड खाल्ली आणि साध्या गोष्टीसारखं सांगितलं. वर्षावास, पांढरी ओढणी, मोहरी, सरळ बसलेल्या बायका. तुमचं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं. शेवटी म्हटलं, की माझे वडील चांगले शिक्षक होते, त्यांनी पुष्कळ मुलींना शाळेत आणलं, आणि मला त्यांनी रंगभूमीवर पाठवलं नाही, मी त्यांच्या मनाविरुद्ध गेले. त्यांच्याजवळून माझा आवाज सोडवून आणला, म्हणून हे पुस्तक मी वाचते आहे. एवढंच. एक शब्द वाकडा नव्हता दादा. तुमच्या भाषणाइतकी सजावटसुद्धा नव्हती.

वाचनालयाच्या कार्यक्रमाला मानवतला गेले, तर विहार आता पत्र्याचं राहिलेलं नाही, स्लॅब पडलाय, फरशी आहे. कपाटांत नवी पुस्तकं, वर तुमचा मोठा फोटो, त्याला ताज्या झेंडूचा हार. समोर बायका पांढऱ्या साड्यांत. वंदना झाली, दोनचार जणांची भाषणं झाली, सगळ्यांनी तुम्हाला पुन्हा एकदा मोठं केलं. आईला गुडघ्यांमुळे पुढं खुर्ची दिली होती. तुमच्या विद्यार्थिनीनं मोबाईल स्पीकरला जोडला आणि माझा आवाज सुरू झाला. तिनं आधी ऐकलं नव्हतं. माझ्यावर विश्वास होता तिचा. वडिलांचा उल्लेख आला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. मग तमाशाचा फड आला. तिचं हसू जागच्या जागी वाळलं. अध्यक्षांनी तिला हातानं खूण केली आणि तिनं बंद केलं. 'काहीतरी बिघाड झालेला दिसतो,' अध्यक्ष माईकवर म्हणाले. मी उठायच्या बेतात होते. उभं राहून बाकीचं तोंडी म्हणणार होते, सगळं पाठ होतं.

'कामून बंद केलं?' आई म्हणाली.

'काकू, बिघाड...'

'काही बिघाड न्हाई. लाव ते.'

'काकू, गुरुजींचा कार्यक्रम हाय आज, बरं दिसत न्हाई...'

'खरं हाय ते,' आई म्हणाली. बसूनच म्हणाली, मागंही वळली नाही, तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली. 'मी तिथंच होते. घरी आल्यावर मी त्यांना म्हणले, पोरीनं लय चांगलं वाचलं. एवढंच म्हणले. तर भरलं ताट अंगणात फेकून देलं. तवापासून मी काई म्हणले न्हाई कधी. लाव बाई.'

मला हे माहीत नव्हतं. ताटाचं. त्या दिवशी मी तोंडावर गोधडी घेऊन पडले होते आणि अंगणात काहीतरी वाजलं ते कुत्रं शिरलं असेल असं समजले होते. इतकी वर्षं मी आईच्या त्या खाली घातलेल्या मानेवरही राग धरून होते, आणि तिच्या गप्प राहण्याचा हिशेबसुद्धा त्या ताटासकट तुमच्याच नावावर निघाला. घासूनपुसून केलेलं माझं मनोगत एकीकडे आणि आईची ती चार वाक्यं एकीकडे. नटाला हे कबूल करणं जड जातं, पण सभा तिनं जिंकली.

तुमच्या विद्यार्थिनीनं पुन्हा लावलं. शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारी उठून आईपाशी गेली आणि तिच्या शेजारी खाली फरशीवर बसली, तेवढंच. चहा झाला, लोक पांगले. अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. तुमची विद्यार्थिनी चपला घालताना म्हणाली, 'ताई, माझ्यासाठी ते गुरुजीच हायेत. ते बदलणार न्हाई.' मी म्हटलं, 'बदलू नको. तुझे गुरुजी तू ठेव.' तिनं मान हलवली, पण मला स्टँडवर सोडायला येणार होती ती आली नाही. घरी जाताना आई फक्त इतकंच बोलली, की नव्या फरशीवर पाय घसरतो, धर मला. मी तिचा दंड धरला.

तर असं करून आले. तुमचं नाव वाचनालयावर तसंच आहे, पाटी कुणी काढली नाही आणि काढायला मी सांगितलंही नाही. फक्त आता मानवतमध्ये तुमच्याबद्दल बोलताना लोक जरा थांबतील. एवढा घास मला हवा होता, तो मी घेतला, आणि तो गोड लागला. क्षमा वगैरे काही झाली नाही. पुस्तकात शेवटी क्षमेवर एक प्रकरण आहे, ते वाचायचं अजून बाकी आहे. नीट वाचीन, लेखिकेच्या म्हणण्याप्रमाणे वाचीन.

हे पत्र कुठं जायचं नाही. तुम्हाला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही ते वाचून आईला म्हणाला असता, बघ काय लिहिलंय हिनं, पाणी दे. तेव्हा इथंच थांबते. जाता जाता एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तुम्ही गेल्यावर मी रडले नव्हते. नंतरही तुमची आठवण अशी कधी आली नाही, राग यायचा, आठवण नाही. पण त्या दिवशी आई बोलली आणि सगळ्या बायकांनी एकदम वर तुमच्या फोटोकडे बघितलं, तेव्हा मीही बघितलं, आणि माझं पोट भरेना. फोटो मान खाली घालत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, दादा, तुम्ही जिवंत असायला हवे होतात असं मला मनापासून वाटलं.